मोटेच्या कातड्याचे बूट

"वरून पाणी गेलं, तर ते बाहेर कुठून येतं?"

शालनने हा प्रश्न बुटांच्या दुकानातल्या विक्रेत्याला विचारला. आमची मुलगी या श्रावणात मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याकडच्या डोंगरांत चालायला निघाली आहे. पाऊस सुरू झाला की हल्ली शहरांतून गाड्या भरभरून माणसे तिकडे जातात. वाट चिखलाची आणि पाणथळीची आहे, पाणी न शिरणारे बूट घ्या, असे तिला कळवण्यात आले होते. विक्रेत्याने एका बुटावर पेलाभर पाणी ओतून दाखवले. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून खालच्या ताटलीत पडले. मुलगी खूश झाली. शालन दुसऱ्या बुटात हात घालून टाचेपाशी काहीतरी चाचपत होती. मग तिने तो प्रश्न विचारला.

"वरून कसं जाईल, मॅडम? घोट्याच्या वर येतो हा."

"गुडघाभर पाण्यात पाय पडल्यावर."

"पण गुडघाभर पाण्यात जायचंच कशाला?" विक्रेता हसला.

"आई, तिकडे आता पूल आहेत," मुलगी म्हणाली.

शालनने बूट खाली ठेवला. खरेदी झाली. परतताना रिक्षात पावसाची झड आत येत होती. शालनने चपला काढून पाय वर घेतले आणि पदराच्या टोकाने बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या. पाऊस लागला की ती हे करते. मुलीला ती आईची सवय वाटते.

एकाहत्तर सालचा पावसाळा आम्ही अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, करवंदवाडीत काढला. शालन तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नव्यानेच लागली होती. उपकेंद्राच्या दोन कौलारू खोल्या होत्या. पुढच्या खोलीत तपासणीचे टेबल आणि औषधांचे कपाट, मागच्या खोलीत बिऱ्हाड. मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. उन्हाळ्यात मला कावीळ झाली. डॉक्टरांनी लांबलचक विश्रांती आणि पथ्याचे जेवण सांगितले. खानावळीत ते जमणारे नव्हते, म्हणून रजा घेऊन मी बायकोकडे राहायला गेलो. वैशाखात तो डोंगर कोरडा, स्वच्छ आणि वाऱ्याचा होता. विश्रांतीसाठी याहून चांगली जागा सापडणार नाही असे मला वाटले. आषाढात खालच्या घाटात दरड कोसळली आणि एस.टी. बरीच अलीकडे थांबून माघारी फिरू लागली. त्यानंतर ही जागा चांगली की वाईट, हा प्रश्न उरला नाही. तिथून निघताच येत नव्हते.

माझे गाव जामखेडकडे. तिथे पाऊस येताना दिसतो. माळाच्या टोकाला ढग जमतात, सावली धावत येते, मातीवर मोठे थेंब पडतात आणि थोड्या वेळाने सगळे पुढच्या गावाला निघून जाते. करवंदवाडीत पाऊस कुठून आला आणि कुठे गेला हे सांगता येत नसे. ढगच खाली उतरून अंगणात उभा राही. खिडकी उघडली की तो खोलीत येई आणि कंदिलाभोवती रेंगाळे. दार फुगून चौकटीत घट्ट बसले होते. ते उघडायला आतून एकाने ओढावे आणि बाहेरून दुसऱ्याने लाथ मारावी लागे. शालन फेरीवर गेली की मला ते एकट्याला उघडत नसे. मिठाचे पाणी झाले. काड्यापेटी आम्ही तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत असू. चुलीवरच्या दोरीवर टाकलेले कपडे धुराने पिवळे पडत, वाळत मात्र नसत. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले. माझ्याच दैनिकाचे अंक कोणी खाली उतरले तर गठ्ठ्याने वर येत. ते ओले होऊन एकमेकांना चिकटलेले असत आणि एका पानावरची बातमी दुसऱ्या पानावर उलट्या अक्षरांत उमटलेली असे. जामखेड, पारनेर या भागांत पावसाने ओढ दिल्याच्या त्या बातम्या होत्या. गळक्या कौलाखाली अंथरूण सरकवत मी त्या वाचत होतो.

परवा मुलीने फोनवर त्या डोंगरांची छायाचित्रे दाखवली. धुके फार सुरेख आले आहे. त्यात रंगीत रेनकोट घातलेली माणसे हात पसरून उभी आहेत. शालनने चष्मा लावून ती सगळी पाहिली आणि विचारले, "यांना परत कधी यायचंय?" "रविवारी संध्याकाळी," मुलगी म्हणाली. "मग छान आहे," शालन म्हणाली.

करवंदवाडी आणि समोरची पल्याडवाडी यांच्यामध्ये एक सपाट पाणथळ होती. उन्हाळ्यात तिथे गुरे चरत. पावसाळ्यातही वरून तिच्यात फरक दिसत नसे, गवत हिरवेच असे. पण त्याखाली जमीन नसे. मांडीएवढा काळा गाळ, मध्ये ओढा, ओढ्याच्या पलीकडे पुन्हा गाळ. वळशाची वाट कड्याच्या पोटातून होती आणि पहिल्या मोठ्या पावसात ती निसरडी होऊन बंद पडे. शालनच्या आधीच्या नर्सबाई पावसाळ्यात कधी पलीकडे गेल्या नव्हत्या. आदल्या पावसाळ्यात पल्याडवाडीच्या यमुनेचे मूल जन्मतानाच गेले. ती स्वतः कशीबशी वाचली. एकाहत्तर साली यमुनेला पुन्हा दिवस गेले होते आणि ते श्रावणात भरत होते. शालनने तिला शब्द दिला होता, "मी येईन."

त्या शब्दासाठी बूट हवे होते.

ते निवडणाऱ्यांपैकी एकानेही पावसाळ्यातली दलदल पाहिलेली नव्हती. ज्येष्ठ लागला तेव्हा माझे रक्त तपासायला आम्ही नगरला उतरलो. माझी तब्येत बघायला अण्णा, माझे वडील, गावाहून आले होते. तिघेही बाजारात निघालो.

आधी गमबूट पाहिले. बायकांच्या मापाचे गमबूट तेव्हा नगरच्या कोणत्याही दुकानात नव्हते. साखर कारखान्यातले कामगार नेत, तो माल दुकानदाराने काढला. सर्वांत लहान जोडात शालनचा पाय गेला आणि आत फिरला. चालायला गेली तर पाय पुढे आला, बूट जागेवर राहिला.

"पुढं कापूस कोंबा, ताई," दुकानदाराने सुचवले.

"आणि तो ओला झाला की?"

"मग काढून दुसरा कोंबायचा."

तिथून आम्ही भिंगारला गेलो. लष्कराचा जुना माल विकणारी दुकाने तिकडे होती. ताडपत्र्या, पाण्याच्या बाटल्या, पाठीवरच्या पिशव्या आणि ढिगाने बूट. त्या ढिगात जंगलात वापरायचे कॅनव्हासचे बूट होते. हलके, उंच, नाडीचे. एक जोड शालनच्या पायाला बरोबर बसला. अण्णांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. तळव्याच्या जरा वर, आतल्या बाजूला, पितळी कडी बसवलेली दोन भोके होती. अण्णांनी एका भोकात काडी घातली. ती बुटाच्या आत निघाली.

"फुटकंच इकायलास की," ते म्हणाले.

"काका, ती भोकं मुद्दाम असतात."

"कशापायी?"

दुकानदाराला सांगता येईना. "हवा जायला," तो अंदाजाने म्हणाला.

"हवा जाती तिथनं पानी जात न्हाई व्हय?"

आम्हा तिघांनाही हे म्हणणे बिनतोड वाटले. बूट ढिगात परत गेला. जाणूनबुजून भोके पाडलेला बूट पाण्यात घालायचा, ही कल्पना आमच्या बाजूच्या माणसाला सुचणे शक्य नव्हते. आमच्याकडे भोक पडलेली प्रत्येक वस्तू पाणी वाया घालवते.

शेवटी छात्रसेनेच्या मुलांसाठीचे कातडी बूट घेतले. मापाला ठीक होते, पण घोट्यापर्यंतच. "ह्येचं म्या बगतो," अण्णा म्हणाले आणि बूट पिशवीत टाकून गावी गेले.

आमच्या विहिरीवर तोवर इंजिन बसले होते. मोट गोठ्यात खुंटीला टांगलेली असे. तिचे काम संपले होते, तरी अण्णा दर उन्हाळ्यात तिला तेल देत. कातड्याविषयी त्यांना जे माहीत होते ते मोटेमुळे माहीत होते, आणि त्यात काही खोटे नव्हते. कातडे कोरडे पडले की चिरते. मोट विहिरीत सोडण्याआधी भिजवली की वादी फुगते, शिवणीची भोके बुजतात आणि मग थेंब गळत नाही. सुनेच्या बुटांसाठी अण्णांनी ती मोट कापली. गावातले मोट शिवणारे शंकरमामा इंजिने आल्यापासून रिकामेच होते. त्यांनी बुटांच्या काठाला मोटेचे कातडे जोडून ते गुडघ्याखालपर्यंत चढवले, मोटेचीच दुहेरी शिवण घातली आणि करडईचे तेल पाजून उन्हात ठेवले.

पुढच्या खेपेला अण्णा नगरच्या स्टँडवर गाठोडे घेऊन उभे होते. त्यांनी एका बुटात तांब्याभर पाणी ओतले आणि बूट दोन्ही हातांत धरून उभे राहिले. गाडीची वाट पाहणारी माणसे जमा झाली. खाली एक थेंब पडला नाही.

"बग, सूनबाई," अण्णा म्हणाले. "आता जा कुटं जायाचं तिकडं."

मग त्यांनी बूट उलटा करून आतले पाणी ओतून टाकले. आम्ही ते पाहिले. तेव्हाही कोणाच्या ध्यानात काही आले नाही.

बुटांनी पाणी धरले, अगदी अण्णांनी दाखवले तसेच. ओढ्यात उतरताना ते काठावरून आत जाई आणि नंतर कुठेही जात नसे. पायांना दोन घागरी बांधून चालावे तशी शालन चाले. पलीकडच्या बांधावर पोचली की ती उताणी होई आणि दोन्ही पाय आभाळाकडे करी. हे मला ठकूबाईने सांगितले. ठकूबाई उपकेंद्राची आया. शेजारच्या घरात एकटी राहायची, फेरीवर शालनच्या सोबत असायची, आणि कोणत्याही प्रसंगी गप्प बसायची नाही. भाताच्या लावणीला तिकडे आवणी म्हणतात. आवणी ऐन भरात होती आणि खाचरांत बायका ओळीने वाकलेल्या असत.

"बाई उताणी झाली का समद्या आवणी सोडून बगत्यात," ठकूबाई म्हणे. "म्हनत्यात, नर्सबाईची मोट आली गं, वाफं धरा!"

शालन हसे. घरात शिरताना बुटांतून पचक पचक आवाज येई. "बेडूक पाळल्यात व्हय गं बुटात?" असे ठकूबाईने विचारले तरी ती हसे.

आवणीत साऱ्या मुलखाच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, सोलते, खाली लाल मांस दिसू लागते. लोक हिरडा उगाळून लावत, जळजळ सोसत आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरत. शालनकडे जांभळे औषध होते. ती कापसाच्या बोळ्याने ते लावी आणि त्या दिवसांत वाडीत जांभळ्या बोटांची माणसे फिरत. अनवाणी चालणे बरे, असे त्यांतल्या कोणी कधी म्हटले नाही. ठकूबाईने एकदा शालनचे बूट घालून पाहिले होते. परत देताना तिने ते बराच वेळ हातात धरून ठेवले.

पण बाकीचे पाय संध्याकाळी चुलीपुढे सुकत. शालनचे पाय दिवसभर त्याच पाण्यात असत आणि सकाळी पुन्हा ओल्याच कातड्यात जात. बूट विस्तवापाशी ठेवायचे नाहीत, चिरतील, असे अण्णांनी बजावले होते. घरी आली की ती पाय पातळाच्या निऱ्यांखाली घेऊन बसू लागली. जांभळ्या औषधाची बाटली मागच्या खोलीत दिसू लागली, तेव्हा मला कळले.

"सोडून दे ते बूट," मी म्हणालो.

"आणि अण्णांना काय सांगू?"

"अण्णा कुठे आहेत इथे?"

"मोटही आता नाही," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी आमच्याकडे पाऊसच झाला नाही. विहिरींनी तळ गाठला, इंजिन नुसतेच उभे राहिले आणि अण्णा गावाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तेव्हा शालन गावी गेली असताना त्यांनी बुटांची चौकशी केली.

"फार उपयोगी पडले, अण्णा."

"पानी गळलं न्हाई ना कुटं?"

"थेंब नाही."

अण्णा कोरड्या विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि धोतराने चेहऱ्यावरची खडीची धूळ पुसली. शालन जे बोलली ते खरेच होते.

यमुनेला ती प्रत्येक फेरीत तपासून येई. आषाढात पोटावर हात ठेवताच तिला कळले की मुलाचे डोके वर आहे आणि पाय खाली. असे मूल पायाळू जन्मते. आमच्या जामखेडकडे पायाळू माणसाला मान असतो. विहीर कुठे खणावी ते त्याला विचारतात, कंबर धरली तर त्याचा पाय लावून घेतात. शालनला त्या मानाचे काही नव्हते. पायाळू मुलाचे अंग बाहेर येते आणि डोके अडकते. आदल्या वर्षी यमुनेच्या मुलाचे तेच झाले होते. मूल फिरेल, फिरेल, असे शालन म्हणत राहिली. ते फिरले नाही.

तालुक्याला नेण्याचा रस्ता बंद होता. यमुनेला उपकेंद्रात आणून ठेवा, असे शालनने तिच्या घरी सांगून पाहिले. यमुनेची सासू ऐकेना. दिवस भरत आलेल्या बाईने वाहते पाणी ओलांडायचे नाही, ओलांडले तर मूल पाण्यामागे जाते, असा त्या वाडीचा समज होता. आधीच एक मूल गेले होते. म्हातारी दुसरे पणाला लावायला तयार नव्हती.

"पानी तुमीच वलांडा, बाई," ती म्हणाली. "तुमाला बूट हायत."

घरी येऊन शालनने हे सांगितले आणि बूट काढायला बसली. त्या दिवशी ते निघता निघेनात. पाय आत सुजले होते.

श्रावण लागला आणि उजवा पाय टेकेनासा झाला. बेचकीतली जखम तळव्यात उतरली, ताप भरला, जांघेत अवधाणाची गाठ आली. कपाटात होती ती इंजेक्शने तिने स्वतःच टोचून घेतली आणि पाय उशीवर ठेवून पडून राहिली. बूट बाहेर पडवीत उभे होते. त्यांत पागोळ्यांचे पाणी साठत होते आणि ते भरून वाहू लागले तरी कोणी उलटे करत नव्हते.

अडकून पडणे मला त्या पावसाळ्यात सवयीचे झाले होते, पण तोवर ते कंटाळ्याच्या जातीचे होते. आता त्याला तोंड फुटले. शालन दर थोड्या वेळाने विचारी, "पलीकडून कोणी आलं का?" नाही म्हटले की डोळे मिटे. पुन्हा विचारी. माझी कावीळ उतरली होती, पण ओढ्याच्या धारेत उभे राहण्याची ताकद पायांत नव्हती, आणि पोचलो असतो तरी तिथे मी काय केले असते? खोलीत दोन माणसे, एकाला जाता येत होते असे धरले तरी त्याच्या जाण्याचा उपयोग नाही, आणि जिचा उपयोग तिला उठता येत नाही. पाऊस कौलांवर एकाच सुरात पडत होता. निरोप येऊ नये असेही वाटे आणि आला नाही तर आपल्याला न कळताच सगळे होऊन जाईल असेही.

निरोप सकाळी आला. यमुनेचा नवरा भिवा स्वतः आला होता. ठकूबाईने बाहेरून दाराला लाथ घातली, मी आतून ओढले. त्याच्या डोक्यावरून पाठीवर पानांचे इरले होते आणि कमरेपर्यंत गाळ.

"बाई, चला. पहाटंपासनं कळा सुरू झाल्यात."

शालन उठून बसली. तिने पाय खाली टेकवला, लगेच वर घेतला आणि पुन्हा टेकवला.

"चालतीस कशी?" ठकूबाई म्हणाली. "भिवा, बग तरी हिच्याकडं. पाय हाय का भोपळा?"

भिवाने पाय पाहिला. तो वळला आणि आला तसा धुक्यात गेला. शालन भिंतीकडे तोंड करून बसली. तिची औषधांची पिशवी केव्हाची भरून तयार होती. ती तिने जवळ ओढून घेतली आणि मांडीवर धरली. माझ्या मते सगळे तिथेच संपले होते.

बऱ्याच वेळाने दाराशी पुन्हा आवाज झाला. भिवा तीन भावांना घेऊन आला होता. आजाऱ्याला डोंगराखाली एस.टी.पर्यंत नेतात ती डोली त्यांनी आणली होती, एक जाड बांबू आणि त्याला बांधलेली घोंगडी.

"बसा," भिवा म्हणाला.

"मी?"

"मंग काय मी बसू? बसा बिगीनं."

"अरे, पण ओढ्याला केवढं पाणी..."

"पान्यात आमी हाय. तुमी निस्तं वर बगा."

शालन घोंगडीत बसली. पिशवी तिने पोटावर घेतली आणि वरून पदर ओढला. भावांनी बांबू खांद्यावर घेतला तसा घोंगडीला खाली झोळ पडला.

"आगं बया!" ठकूबाई ओरडली. "बाळंतीण कोन हाय गं ह्यातली?"

चौघेही हसले. शालनही हसली आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. मी पडवीतले बूट उचलले, उलटे केले आणि पुढे धरले. का, ते सांगता येणार नाही.

"त्ये ऱ्हाऊ द्या," भिवा म्हणाला. "उगं वजं हुतंय."

पाणथळीच्या काठापर्यंत मी मागे गेलो. ते गाळात उतरले. आधी त्यांचे गुडघे दिसेनासे झाले, मग मांड्या, मग धुक्याने चौघांनाही घेतले. बांबूची करकर येत होती. "डावीकडं, डावीकडं दगड हाय," असे कोणीतरी म्हणाले. मग ओढ्याच्या आवाजात तेही गेले.

पल्याडवाडीत मुलगा झाला की काशाची थाळी वाजवतात. वारा इकडचा असला तर आवाज ओढा ओलांडून येतो, असे ठकूबाईने परतताना सांगितले.

"आणि मुलगी झाली तर?"

"मंग न्हाई वाजवत."

मी पुढचे विचारले नाही. तिनेच सांगितले. "आन् मूल गेलं तवा बी न्हाई."

वृत्तपत्राच्या कचेरीत बातमी न येण्याचाही अर्थ लावता येतो. फोन लागला नसेल, तार तुटली असेल, घडलेच नसेल. इथे शांततेचे दोन अर्थ होते आणि त्यांतला कोणता खरा हे विचारायला मधला गाळ ओलांडावा लागला असता. मी पडवीत बसून ऐकत राहिलो. कौलांवरचा पाऊस, पागोळ्या, बेडूक, ओढा, पलीकडे हंबरणारी गाय. एकदा धातूवर काही आपटल्यासारखे वाटले आणि मी उठून उभा राहिलो. ठकूबाईच्या हातून तवा निसटला होता. दिवस मावळला तो कळला नाही. राखाडी होते ते काळे झाले.

दुसऱ्या दिवशी पाऊस वाढला. ठकूबाईने भाकरी आणून ठेवली आणि काही न बोलता गेली. तिची बडबड मला दोन महिने नकोशी झाली होती. तिचे गप्प राहणे त्याहून सोसवेना.

दुपारी दाराला लाथ बसली. मी आतून ओढले. दारात भिवा होता, एकटाच.

"बाईंनी कोरडं लुगडं मागितलंय," तो म्हणाला. "आन् चहाची पूड. साकर आसंल तर साकर."

मी दोरीवरचे त्यातल्या त्यात सुके पातळ काढले आणि मेणकापडात गुंडाळले. चहाची पूड कागदात बांधली. भिवा चुलीपुढे उकिडवा बसून हात शेकत होता. त्याला विचारायचे ते न विचारता मी पुडीला दोरा गुंडाळत राहिलो. दोरा संपला तेव्हा ठकूबाई धावत आली.

"आरं मुडद्या, शेकत काय बसलास? झाली का न्हाई मोकळी?"

"झाली की. काल दुपारीच."

"मंग? काय झालं?"

"काय न्हाई," भिवा म्हणाला. "पोरगी झाली."

ठकूबाई उंबऱ्यावर मटकन बसली. "जित्ती हाय?"

"जित्ती तर. रातभर वरडती, झोप न्हाई कुनाला."

"आणि बाई?" मी विचारले.

"बाई बऱ्या हायत. पान्याचा जोर हाय तवर आमच्याकडंच ऱ्हात्याल."

जोर कधी ओसरेल, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. गाठोडे इरल्याखाली धरून तो उठला. दारात थांबला, वळला.

"आदी पायच आलं तिचं," तो म्हणाला. "मी कुडाच्या भायेर हुतो. आत यमी वरडत हुती, आई देवाला हाका मारत हुती, आन् बाई त्या पायास्नी सांगत हुत्या, ये गं, ये, भिऊ नगं, खाली कोरडं हाय."